अपिलात न्यायमूर्ती काय वाचतात? मुंबई हायकोर्टात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आईने माहेरच्या घरात वाटा मागितला तेव्हा नात्यात काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. दादरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, मागोमाग आजी गेली. मामांचं म्हणणं, बहिणीने हक्क सोडल्याचं पत्र दिलंय. खालच्या कोर्टाने ते मान्य केलं, आईचा दावा फेटाळला आणि आम्ही हायकोर्टात पहिलं अपील, म्हणजे फर्स्ट अपील, दाखल केलं.

त्यानंतरच्या साडेसात वर्षांत मी कोर्टरूमच्या मागच्या बाकावर बरेच दिवस काढले. सुरुवातीला मला वाटायचं, वरचं कोर्ट म्हणजे आपलं गाऱ्हाणं पहिल्यापासून ऐकून घेणारं जरा मोठं कोर्ट. हा समज डोक्यातून जायला दोन वर्षं लागली. अपिलातल्या न्यायमूर्तींच्या टेबलावर तुमचं दुःख नसतं, खालच्या न्यायाधीशाचा निकाल असतो. त्यात चूक आहे का आणि ती निकाल फिरवण्याइतकी मोठी आहे का, एवढंच ते शोधत असतात. सगळी तयारी या एका गोष्टीभोवती करायची. मी वकील नाही, दिवाणी अपिलाची पक्षकार म्हणून लिहितेय. फौजदारी अपिलाचे नियम आणि मुदती वेगळ्या.

१. अपील कुठे होतं ते आधी पाहा

"हायकोर्टात जाऊ" असं म्हणणं सोपं आहे, पण प्रत्येक निकालाची वाट तिकडे जात नाही. मुंबईत सिटी सिव्हिल कोर्टाच्या हुकूमनाम्यावरचं (निकालाप्रमाणे निघणाऱ्या औपचारिक आदेशावरचं, म्हणजे डिक्रीवरचं) अपील हायकोर्टात होतं. जानेवारी २०२४ पासून या कोर्टाची मर्यादा १ कोटीवरून १० कोटींवर गेली, त्यामुळे पूर्वी हायकोर्टाच्या मूळ शाखेत लागले असते असे बरेच दावे आता तिथेच सुरू होतात. भाडेकरू-मालक वाद असेल तर धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टाचं अपील त्याच कोर्टातल्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे जातं, ३० दिवसांत. पागडीच्या खोलीचा निकाल हातात घेऊन थेट हायकोर्टाची पायरी चढलेले लोक मी पाहिलेत.

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे हायकोर्टाच्याच तिथल्या पीठाकडे, आहेत. गावाकडच्या जमिनीसाठी मुंबईला येण्याआधी हे तपासा.

हायकोर्टाच्या दोन बाजू आहेत, ओरिजिनल साइड (मूळ शाखा, जिथे दावे थेट सुरू होतात) आणि अपेलेट साइड (जिथे खालच्या कोर्टांवरची अपिलं येतात). खिडक्या वेगळ्या, नियम वेगळे. चुकीच्या खिडकीवर तासभर रांग लावायचा मान आम्ही पहिल्याच दिवशी मिळवला.

२. दिवस कॅलेंडरवर मोजा, आठवणीने नको

हायकोर्टात अपिलाची मुदत ९० दिवस, इतर कोर्टात ३०. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. इथेच लोक घसरतात, आम्हीही घसरलो.

वजा होतात ते फक्त नकलेचा अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस. निकाल लागल्यावर तुम्ही तीन आठवडे सुन्न होऊन घरी बसलात तर ते तीन आठवडे तुमच्या खात्यात. नक्कल तयार आहे असं लागल्यावर दहा दिवसांनी उचललीत तर तेही तुमच्याच खात्यात. आम्ही हातात पडलेल्या तारखेपासून मोजलं आणि ११ दिवस उशीर झाला. मग विलंबमाफीचा अर्ज, त्यावर शपथपत्र, समोरच्यांना नोटीस, त्यांचं उत्तर. अकरा दिवसांच्या उशिराने सव्वा वर्ष खाल्लं आणि तोवर मूळ अपिलाला हात लागला नाही.

निकाल लागला त्याच दिवशी, रडत असलात तरी, नकलेचा अर्ज करून घरी जा.

३. कागदांची पिशवी

घरी एक वेगळी फाईल करा आणि तिच्यात हे ठेवा:

– खालच्या कोर्टाच्या निकालाची आणि हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल, शिवाय तीन-चार झेरॉक्स
– दावा आणि कैफियत (दाव्याला समोरच्यांचं लेखी उत्तर)
– सगळ्यांचे सरतपास (आपल्या बाजूने दिलेली साक्ष) आणि उलटतपास
– निशाण्यांची यादी (निशाणी म्हणजे पुराव्यातल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक): कुठला कागद कुठल्या निशाणी क्रमांकाला आहे, आणि कुठला कागद दिला पण निशाणी पडलीच नाही
– मराठी कागदांची मूळ प्रत आणि इंग्रजी भाषांतर, शेजारी शेजारी
– एका पानावर तारखांची यादी: जन्म, मृत्यू, खरेदी, पत्र, दावा, निकाल
– वकीलपत्र, आधार कार्ड, आणि सगळ्या पक्षकारांचे आत्ताचे पत्ते

पत्ते का? नोटीस पोचली नाही तर अपील हलत नाही. कोर्टाने परवानगी दिली तर नोटीस स्वतः नेऊन पोचवता येते, तिला तिथे हमदस्त म्हणतात.

वकील परवडत नसेल तर हायकोर्टाची विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. आईला हे फार उशिरा कळलं.

दाखल केल्यावर आधी फक्त स्टँप नंबर मिळतो. ऑफिस ऑब्जेक्शन्स काढायची (पान अस्पष्ट, सही नाही, कोर्ट फी कमी), मगच पक्का नंबर पडतो. वकिलाच्या ऑफिसात दर आठवड्याला फोन करून "ऑब्जेक्शन निघाली का?" एवढंच विचारा. ऑब्जेक्शन न काढल्यामुळे अपील निकालात निघू शकतं आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

४. न्यायमूर्ती फाईल कशी वाचतात

हे मला आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी समजावलं. जिल्हा न्यायाधीशही अपिलं ऐकतात. काकांनी बारा वर्षं तेच काम केलेलं. एका रविवारी मी आमच्या निकालाची झेरॉक्स घेऊन त्यांच्याकडे गेले. पहिलं पान न पाहता त्यांनी थेट शेवटचं उघडलं.

"आधी बघायचं, कोर्टाने नेमकं दिलं काय," ते म्हणाले. मग ते मुद्द्यांच्या तक्त्यावर आले. खालच्या कोर्टाच्या निकालात सुरुवातीला वादाचे मुद्दे आणि समोर निष्कर्ष, होय किंवा नाही, असा तक्ता असतो. काकांनी पेन्सिलीने एका निष्कर्षाभोवती गोल केला. आईने हक्क सोडला हे सिद्ध झालं का? होय. "तुमचं सगळं अपील या 'होय'वर उभं आहे. बाकीची चाळीस पानं त्या 'होय'पर्यंत कशी आली ते बघायचं."

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे निकालात दिलेली कारणं, उजवीकडे त्या कारणाचा आधार: कुठली निशाणी, कुठल्या साक्षीदाराचा कितवा परिच्छेद. डावीकडे सात कारणं झाली. उजवीकडे दोन ठिकाणी काहीच लिहिता आलं नाही. "ही दोन भोकं. न्यायमूर्ती आदल्या रात्री हेच शोधतात."

आदल्या रात्री, कारण दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावरच्या (कामांच्या यादीतल्या) फाईली बहुतेक आदल्या दिवशीच वाचून होतात. बोर्ड लांबलचक असतो. एका फाईलला किती वेळ मिळत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. निकाल, अपिलाचा मेमो (म्हणजे लेखी अर्ज) आणि त्यातली कारणं एवढं वाचून न्यायमूर्ती येतात आणि बाकीचं समोर उघडून घेतात. म्हणजे तुमच्या मेमोची पहिली दोन पानं म्हणजे तुमचं अर्धं अपील.

साक्षीदारांबद्दलही काकांनी एक गोष्ट सांगितली. कोण खरं बोलतोय हे खालच्या न्यायाधीशाने ठरवलं असेल तर वरचं कोर्ट ते सहसा हलवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच तसं सांगून ठेवलंय. "साक्षीदार त्यांच्यासमोर घाम पुसत होता. माझ्यासमोर फक्त टाइप केलेला कागद." कागदाचा अर्थ लावायचा असेल तर मात्र वरचं आणि खालचं कोर्ट सारख्याच अंतरावर असतं. तिथे खालच्या कोर्टाला काही जास्तीचं दिसलेलं नसतं. म्हणून आपलं भांडण माणसावर आहे की कागदावर, हे आधी ओळखा.

५. मुद्दे कापा

आमच्या मेमोच्या पहिल्या मसुद्यात ३१ कारणं होती. त्यातली बरीचशी "खालच्या कोर्टाने पुराव्याचा योग्य विचार केला नाही" याच वाक्याची चुलत भावंडं. नंतर आलेल्या वकीलबाईंनी त्यातली चार ठेवली.

सगळ्यात जड गेलं ते सहीचं कारण काढणं. दाव्यात आम्ही म्हटलं होतं की पत्रावर आईची सही फसवून घेतली. खरं सांगायचं तर सही आईचीच होती आणि तिने ती शुद्धीत, मामांच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता केली होती. वकीलबाई म्हणाल्या, "हे पहिल्या पानावर ठेवलं तर न्यायमूर्ती इथेच अडकतील आणि तुमचा चांगला मुद्दा वाचताना त्यांचा विश्वास उडालेला असेल." आई दोन दिवस बोलली नाही, मग तिने मान हलवली.

एक सापळा: नवा कागद. "आता आम्हाला बँकेचं जुनं पासबुक सापडलंय, ते जोडू." अपिलात नवा पुरावा सहज घेत नाहीत. खालच्या कोर्टाने चुकीने नाकारला असेल, किंवा पुरेशी धडपड करूनही तेव्हा मिळत नव्हता असं दाखवता आलं, किंवा खुद्द कोर्टालाच निकालासाठी तो लागत असेल, तरच. माळ्यावर होता आणि बघितला नाही, हे कारण चालत नाही.

दुसरं अपील, म्हणजे दोन कोर्टांत हरून हायकोर्टात येणं, याहून कडक. तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो, न्यायमूर्ती तो शब्दांत मांडतात आणि मगच अपील पुढे सरकतं. तसा प्रश्न निघाला नाही तर पहिल्याच सुनावणीत संपतं.

६. नुसतं अपील केल्याने काही थांबत नाही

हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. अपील दाखल झालं म्हणून खालचा हुकूमनामा आपोआप थांबत नाही. तुमच्याविरुद्ध ताबा द्यायचा हुकूम असेल तर स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. आमचा दावाच फेटाळलेला, म्हणून स्थगिती द्यायला काही नव्हतं. आम्हाला हवा होता मनाई हुकूम, मामांनी अपील चालू असताना फ्लॅट विकू नये यासाठी. त्यासाठी इंटरिम अर्ज केला आणि तो मिळाला.

मुंबईपुरती आणखी एक गोष्ट. वाद चालू असताना घेतलेली मिळकत निकालाला बांधील असते, हा देशभरचा नियम. पण १९३९ च्या दुरुस्तीमुळे बृहन्मुंबईत तो लागू व्हायला वादाची नोटीस रजिस्ट्रार ऑफिसात नोंदवावी लागते. तिला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. दाव्याच्या वेळी आमच्याकडून ती राहिली होती, अपिलाच्या वेळी नोंदवली. खर्च किरकोळ, फायदा मोठा.

७. मधली वर्षं

पहिलं अपील हा हक्क असल्यामुळे ते बहुधा दाखल करून घेतात. मग खालच्या कोर्टातून मूळ कागद मागवतात आणि पेपरबुक, म्हणजे सगळ्या कागदांचा एकत्र संच, तयार होतं. त्यानंतर वाट पाहणं.

या काळात बोर्ड बघायची सवय लावा. हायकोर्टाच्या संकेतस्थळावर रोजचा बोर्ड आणि केस स्टेटस दोन्ही मिळतं. कुठले न्यायमूर्ती कुठल्या प्रकारची कामं ऐकणार हे मुख्य न्यायमूर्ती रोस्टरने ठरवतात आणि रोस्टर बदलत राहतो. "आपलं मॅटर त्या साहेबांपुढे होतं ना?" याला फारसा अर्थ नाही, मॅटर पार्ट-हर्ड, म्हणजे अर्धवट ऐकलेलं, असल्याशिवाय. तातडी असेल तर वकील प्रिसिपी देऊन सर्क्युलेशन मागतात, म्हणजे अमुक तारखेला मॅटर बोर्डावर घ्या अशी विनंती. आईचं वय पंच्याहत्तरच्या पुढे गेल्यावर आम्ही ते केलं आणि उपयोग झाला.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा सापळा याच काळात आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पक्षकाराचा मृत्यू.

आमचे मामा गेले. आई तेराव्याला जाऊन आली, मामीच्या गळ्यात पडून रडली. भांडण कोर्टात, नातं घरात, असं ती म्हणायची. वकिलांना कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माणूस गेल्यापासून ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणले नाहीत तर त्याच्यापुरतं अपील आपोआप संपतं. मग ते जिवंत करायला पुढच्या ६० दिवसांत अर्ज, तेही हुकलं तर पुन्हा विलंबमाफी. आम्ही सहज दुसऱ्या कामाला वकिलांकडे फोन केला आणि बोलता बोलता विषय निघाला. तो एकाहत्तरावा दिवस होता. मृत्यूचा दाखला मामीकडेच मागावा लागला. तिने दिला. अपिलाच्या पहिल्या पानावर मामांच्या नावाखाली मामी आणि दोन्ही मामेभावांची नावं चढली. त्यातल्या धाकट्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय.

८. सुनावणीचा दिवस

चर्चगेटला उतरून ओव्हल ओलांडलं की पंधरा मिनिटांत पोचता. काम साडेदहाला सुरू होतं, अर्धा तास आधी जा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. इमारत १८७८ ची आहे, जिने वळणाचे, कोर्टरूमचे नंबर शोधताना दमछाक होते. वेळ उरला तर ४६ नंबरचं सेंट्रल कोर्ट बघा. १९०८ चा टिळकांवरचा खटला तिथे चालला, त्यांचे शब्द कोरलेला फलक आहे. न्यायमूर्ती येतात तेव्हा पुढे चोपदार असतो. सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. मोबाइल बंद.

आपल्या तारखेच्या आधी एक-दोनदा नुसतं बसून या. कोर्ट खुलं असतं. तुमचे न्यायमूर्ती आधी काय विचारतात, कशाला वैतागतात, किती शांतपणे ऐकतात, हे एका दुपारीत कळतं.

आता आमचा दिवस. आमच्या वकीलबाई उभ्या राहिल्या, अपील करणाऱ्याची बाजू आधी असते. त्यांनी सुरुवात नात्यागोत्यापासून केली नाही. "निकालाचा परिच्छेद २३ पाहावा," एवढंच. न्यायमूर्तींच्या प्रतीत त्या पानावर आधीच पिवळी चिठ्ठी लावलेली होती. मला मागच्या बाकावरूनही ती दिसली आणि काकांचा पेन्सिलीचा गोल आठवला.

परिच्छेद २३ मध्ये खालच्या कोर्टाने म्हटलं होतं की पत्रावरून दिसतं, आईने आपला हक्क आधीच सोडलेला होता, पत्र ही फक्त त्याची नोंद. याला महत्त्व का? घरात तोंडी वाटणी आधीच झाली असेल आणि कागद तिची आठवण म्हणून लिहिला असेल तर त्याची नोंदणी लागत नाही. १९७६ चा सर्वोच्च न्यायालयाचा काले यांच्या प्रकरणातला निकाल तेच सांगतो, आणि समोरच्या वकिलांनी तोच हातात धरला होता. पण त्या कागदानेच हक्क सुटत असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे, मिळकत शंभर रुपयांची किंवा त्यावरची असली की तो नोंदवलाच पाहिजे. आमचं पत्र वहीच्या रेघांच्या पानावर होतं. नोंदणी कुठली?

इंग्रजी भाषांतरात ते वाक्य "हक्क सोडलेला आहे" अशा अर्थाने गेलं होतं. न्यायमूर्तींनी भाषांतर बाजूला ठेवलं. "मूळ कुठे आहे? निशाणी ३४ ना?"

कापडात बांधलेला मूळ कागदांचा गठ्ठा सोडला गेला. शिरस्तेदारांनी ते पान वर दिलं. आणि सकाळपासून इंग्रजीत चाललेल्या त्या कोर्टात न्यायमूर्तींनी मराठीत वाचलं, "मी माझा हक्क राजीखुशीने सोडत आहे." थोडं थांबून पुन्हा, फक्त शेवटचे दोन शब्द. "सोडत आहे." मग समोरच्या वकिलांकडे पाहून इंग्रजीत विचारलं, हे आधी झालेल्या गोष्टीची नोंद करतंय, की आत्ता, या ओळीत, हक्क सोडतंय?

आई माझ्या शेजारी होती. तिला इंग्रजी प्रश्न कळला नाही. तिने कानाशी येऊन विचारलं, "माझं अक्षर वाचता आलं का त्यांना?"

यातून तुमच्या कामाचं दोन ओळींत: मराठी कागदाचं भाषांतर स्वतः, शब्दाला शब्द लावून तपासा. क्रियापदाचा काळ, "आणि" की "किंवा", "मी" की "आम्ही". हायकोर्टाची भाषा इंग्रजी आहे, पण मूळ कागद मराठी असेल तर शेवटी अर्थ त्याचाच लागतो. आमच्याकडे ते चुकीचं भाषांतर नऊ वर्षं पडून होतं आणि मराठी ही माझी मातृभाषा आहे.

प्रश्नांवरून निकाल ओळखायला जाऊ नका. त्याच दुपारी न्यायमूर्तींनी आमच्या वकीलबाईंना इतके तिखट प्रश्न विचारले की मी घरी येऊन जेवले नाही. काका हसले. ज्या बाजूने निकाल द्यायचा विचार असतो, म्हणाले, तिलाच जास्त टोचून पाहायचं असतं, कारण उद्या ती कारणं आपल्याला लिहायची असतात.

९. निकाल कसा ठरतो

एकच न्यायमूर्ती असतील तर सरळ आहे. मुंबईत युक्तिवाद संपल्या संपल्या खुल्या कोर्टात स्टेनोला निकाल सांगायची पद्धत जुनी आहे, अशा निकालाच्या माथ्यावर ओरल जजमेंट असं लिहिलेलं दिसतं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर निकाल राखून ठेवतात. खंडपीठावर दोघे एकमेकांशी बोलतात, बाकावर कुजबुजत आणि नंतर चेंबरमध्ये, आणि एक जण लिहितो, दुसरा पटलं तर सही करतो. पटलं नाही तर वेगळा निकाल लिहितो आणि मतभेद तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जाऊ शकतो.

काय लिहायचं याचेही नियम आहेत. अपिलाच्या निकालात ठरवायचे मुद्दे, त्यावरचा निर्णय, कारणं आणि दिलेला दिलासा हे चारही हवेत. २००१ च्या संतोष हजारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की खालचा निकाल फिरवायचा असेल तर त्याच्या कारणांना थेट भिडून ती का टिकत नाहीत ते सांगावं लागतं. कायम करायचा असेल तर सगळं पुन्हा उगाळायची गरज नसते. म्हणूनच फेटाळलेल्या अपिलांचे निकाल अनेकदा आखूड असतात. तो तुमचा अपमान नव्हे.

निकाल राखून ठेवल्यावर किती थांबायचं? त्याच वर्षीच्या अनिल राय प्रकरणात मर्यादा घातल्यात: तीन महिन्यांत निकाल आला नाही तर लवकर द्या असा अर्ज करता येतो, सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्यावं अशी विनंती मुख्य न्यायमूर्तींकडे करता येते. आमचा निकाल सात आठवड्यांत आला.

१०. निकाल हातात आल्यावर

"अपील मंजूर" किंवा "फेटाळलं" याशिवाय आणखी दोन शक्यता असतात. "अंशतः मंजूर", आणि खालच्या कोर्टाकडे परत, म्हणजे रिमांड. आमचं अंशतः मंजूर. आईचा अर्धा वाटा मान्य झाला. मामांनी एक खोली मधली काही वर्षं भाड्याने दिली होती, त्यातला हिस्सा मागितला होता तो नाकारला, कारण भाडं किती होतं याचा एकही कागद आम्ही खाली दिला नव्हता. वाचताना राग आला. दुसऱ्यांदा वाचताना आला नाही.

निकाल संकेतस्थळावर चढला की त्याच दिवशी प्रत्येक ओळ तपासा: नावं, फ्लॅटचा नंबर, हिस्सा, तारखा. टंकलेखनाची चूक असेल तर मुंबईत त्यासाठी स्पीकिंग टू द मिनिट्स नावाची सोय आहे. वकील छोटी चिठ्ठी देतात, मॅटर पुन्हा बोर्डावर लागतं आणि दुरुस्ती होते. आमच्या निकालात मजला चुकला होता, तिसऱ्याचा दुसरा झाला होता. तसाच राहिला असता तर आईला शेजाऱ्यांच्या घरात अर्धा वाटा मिळाला असता. लक्षात ठेवा, ही सोय फक्त अशा चुकांसाठी. निकालच पटला नाही म्हणून तिथे गेलात तर बोलणी खाल. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, ९० दिवसांत. एकट्या न्यायमूर्तींनी अपिलात दिलेल्या निकालावर हायकोर्टातल्या हायकोर्टात पुन्हा अपील होत नाही.

आणि वाटणीचा दावा असेल तर एक शेवटचं, जे मला कुणीच आधी सांगितलं नाही. हिस्सा ठरला की मिळतो तो प्राथमिक हुकूमनामा. प्रत्यक्ष वाटप करायला, किंवा दोन खोल्यांचे दोन भाग होत नसतील तर विकून पैसे वाटायला, अंतिम हुकूमनामा वेगळा घ्यावा लागतो, तोही खालच्या कोर्टात. आम्ही त्यासाठी अर्ज केलाय. मामीने घर विकायला नको म्हटलंय. आई म्हणते, मग ती राहू दे तिथे, आपण पैसे हप्त्याने घेऊ. वकीलबाईंनी सांगितलंय, हे पुढच्या तारखेला लेखी द्या, आणि या वेळी नोंदवून.